पंतांच्या ताब्यातला मेल

सेनगावात विश्वंभररावांची शाळा आहे. कागदोपत्री ती संस्थेची आणि विश्वंभरराव नुसते तिचे अध्यक्ष, पण गावात विचाराल तर कुणीही विश्वंभररावांचीच म्हणेल. या शाळेच्या कचेरीत बंडोपंत हेडक्लार्क होते. उभी नोकरी त्यांनी एकाच खुर्चीत काढली. अध्यक्षांपासून शिपायापर्यंत सगळे त्यांना पंत म्हणत आणि काम असलं तरच म्हणत.

शाळेचा एक ईमेल होता. त्याचा पासवर्ड शाळेचं नाव आणि पुढं एक-दोन-तीन असा असल्यामुळं तो सगळ्या तालुक्याला माहीत होता. ज्याला वाटेल तो उघडी, वाचून सोडून देई, आणि जिल्ह्याच्या कचेरीतून विचारणा आली की बोलणी मात्र पंत खात. शेवटी पंतांनीच अध्यक्षांच्या मागं लागून हिंगोलीहून हिरासिंगला बोलावलं. तो दुकानांची बिलं, कॅमेरे, कंप्युटर असलं सगळं बघायचा.

हिरासिंगनं पंतांच्या कंप्युटरवर मेलचा प्रोग्राम टाकला, नवा पासवर्ड ठेवला आणि विचारलं, "पंत, पॉप लावू का आयमॅप?"

"फरक काय दोघांत?"

"पॉपमधी मेल सर्व्हरवरून खाली उतरून तुमच्या कंप्युटरमधी बसतो. वर कॉपी ठेवायची का न्हाई ते आपण ठरवायचं. आयमॅपमधी मेल वरच राहतो. चार जणांच्या फोनवर तोच दिसतो. एकानं वाचला की सगळीकडं वाचलेला, एकानं पुसला की सगळीकडून गेला."

पंतांनी चष्मा काढून पुसला. "पॉप लावलं आणि वर कॉपी नाही ठेवली, तर बाकीच्यांना काय दिसेल?"

"काहीच न्हाई. फक्त तुमाला."

"मग पॉपच लाव."

"आयमॅप बराबर राहील, पंत. हा डब्बा बिघडला तर समदं जाईल."

"इतकी वर्षं फायली माझ्या कपाटात आहेत. कपाट कधी बिघडलं का?"

हिरासिंगनं पुढं वाद घातला नाही. त्यानं सर्व्हरचं नाव भरलं, पोर्ट नऊशे पंच्याण्णव टाकला, 'सर्व्हरवर प्रत ठेवा' या चौकटीतली खूण काढली आणि हिंगोलीची जीप धरली.

त्या दिवसापासून पंतांना बरे दिवस आले. बदलीची चौकशी करणारे मास्तर आता त्यांच्या टेबलापाशी उभे राहू लागले. "आला का मेल, पंत?" असं कुणी विचारलं की पंत आधी घोटभर चहा घेत, मग म्हणत, "पाहतो." खुद्द विश्वंभरराव फोनवर त्यांना अहोजाहो करू लागले. पंतांनी घरी वासंतीबाईंना सांगितलं, "आता संस्थेचा मेल माझ्या मुठीत आहे." वासंतीबाई म्हणाल्या, "मुठीत आहे तर उघडा तरी. तुम्ही नुसतं पाहतो म्हणता."

बाईंचं बोलणं खरं ठरलं. दिवाळीनंतर पंत भाचीच्या लग्नाला वसमतला गेले. कंप्युटर बंद करायचा राहिला होता. मागं तो ठरल्या वेळी इमानानं मेल उतरवून घेत राहिला आणि त्यातच तपासणी समिती येणार असल्याचाही मेल उतरला. समिती आली तेव्हा शाळेच्या प्रयोगशाळेत विश्वंभररावांचं सोयाबीन वाळत होतं. परीक्षानळ्या खिडकीत आणि शेंगांचा ढीग टेबलांवर. समितीच्या सायबांनी फोटो काढले.

"आमाला मेलच मिळाला न्हाई," विश्वंभरराव म्हणाले, आणि तेवढं एक वाक्य त्या दिवशी अगदी खरं होतं.

संस्थेच्या सचिव म्हणजे अध्यक्षांच्या सूनबाई जान्हवी. त्या हिंगोलीत राहत. सचिवपद त्यांना नाव लावायला दिलेलं होतं, पण त्यांनी ते मनावर घेतलं. त्यांनी परस्पर हिरासिंगला पाठवून पॉप काढलं आणि आयमॅप लावलं: पंतांच्या कंप्युटरवर, अध्यक्षांच्या फोनवर आणि स्वतःच्या फोनवर. पंत बाजूला उभे राहून बघत होते. आपल्या घरात दुसऱ्यानं चूल मांडावी तसं त्यांना वाटलं.

चारच दिवसांत जिल्ह्याच्या कचेरीतून मेल आला. विषय होता, 'प्रयोगशाळेतील सोयाबीनबाबत खुलासा सादर करणे.' न वाचलेला, म्हणून ठळक अक्षरांत. पंतांचा हात माउसवर गेला आणि तिथंच थांबला. उघडला की तिन्ही ठिकाणी वाचलेला दिसणार. मग 'मिळाला नाही' कसं म्हणायचं?

फोन वाजला. अध्यक्ष होते.

"पंत, काही आलंय का?"

"आलंय. पण मी उघडलं नाही, साहेब."

"चांगलं केलं. मीबी उघडलं न्हाई. तसंच राहू द्या."

आठवडाभर तो मेल तसाच ठळक राहिला. पंत रोज सकाळी त्याच्याकडं लांबून बघत. त्याच्या खाली पडून असलेले शिष्यवृत्तीचे मेलही कुणी उघडेना, कारण खाली जाताना चुकून बोट वरच्यावर पडलं तर काय, ही भीती. आणि एका सकाळी पंतांनी प्रोग्राम उघडला तर त्या विषयाची अक्षरं साधी झालेली. कुणीतरी वाचला होता.

दुपारी अध्यक्षांनी कचेरीत बैठक घेतली. जान्हवीबाईंना हिंगोलीहून बोलावलं, हिरासिंगलाही आणलं.

"कुणी उघडला ते सांगता येईल का?" अध्यक्षांनी विचारलं.

"न्हाई सांगता यायचं. वाचला एवढंच कळतंय."

"पंत, तुमी उघडला का?"

"शपथ, साहेब. मी त्याच्याकडं नीट बघतसुद्धा नव्हतो."

हिरासिंग सहज म्हणाला, "एवढी तकलीफ काहून घेऊन राहिले? त्याच्यावर राइट क्लिक करा, पुन्हा न वाचलेला करता येतो."

अध्यक्षांचा चेहरा उजळला. पंतांनी खुर्ची पुढं ओढली, राइट क्लिक केलं आणि अक्षरं पुन्हा ठळक झाली. कचेरीत सगळ्यांना हायसं वाटलं. पंतांना तर आपण एखादा वठलेला आंबा पालवून दाखवला असं वाटत होतं. त्यांनी उत्साहानं बाकीचे फोल्डरही उघडून बघितले, आणि 'पाठवलेले'मध्ये त्यांची नजर अडकली.

"साहेब," ते हळू म्हणाले, "याला उत्तर गेलंय."

"कुणी दिलं?"

"मी," जान्हवीबाई म्हणाल्या. "मेल वाचला मी, उत्तरही मीच दिलं, मामा. कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं. तुम्ही बैठकच बोलावली."

पंतांनी उत्तर वाचून दाखवलं. सोयाबीन अध्यक्षांचं होतं, जागा नसल्यामुळं ठेवलं, चूक मान्य आहे, शुक्रवारी प्रयोगशाळा रिकामी करून फोटो पाठवतो. वाचताना त्यांचा आवाज बारीक होत गेला. विश्वंभररावांनी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं.

"शुक्रवार म्हंजे आजच की," ते म्हणाले.

संध्याकाळपर्यंत ट्रॅक्टर लावून सोयाबीन हललं. जिल्ह्याच्या कचेरीनं समज देऊन प्रकरण मिटवलं. मान्यता गेली नाही, कुणाची नोकरीही गेली नाही. पंतांना आतून बरं वाटलं आणि बरं वाटल्याचा रागही आला, कारण खरं लिहून इतक्या लवकर सुटता येतं हे त्यांना उभ्या नोकरीत कुणी सांगितलं नव्हतं.

अध्यक्षांचा धडा मात्र वेगळा निघाला. त्यांनी हिरासिंगला पुन्हा बोलावलं. "ते पॉप माझ्या फोनवर लाव. वर कॉपी नको. बाकीच्यांचं काढून टाक."

"फोनवर असं एकट्यानं ठेवणं चांगलं न्हाई, साहेब. फोन हिरीत पडला तर मेल समदे जातील."

"मग तर लईच बरं," विश्वंभरराव म्हणाले.

हिरासिंगनं पंतांकडं बघितलं. पंतांनी जान्हवीबाईंकडं बघितलं. जान्हवीबाई म्हणाल्या, "लावायला हरकत नाही, मामा. पण त्याला पासवर्ड लागेल. तो मी काल बदललाय."