लेट ऑफ

बुटीबोरीच्या सूतगिरणीतून तांब्याच्या तारेची दोन बंडलं गायब झाली, आणि चार दिवस स्टोअरकीपर रुपरावशी कोणी धड बोललं नाही. तो आला की अंकुश हेल्परही बोलता बोलता गप्प व्हायचा. यानंच साहेबांना आपलं नाव सांगितलं असणार, असं रुपरावच्या मनानं घेतलं.

पाचव्या दिवशी ऑफिसच्या प्रिंटरवर पडलेल्या कागदावर त्याला आपलं नाव दिसलं. पुढे ‘लेट ऑफ’. ऑफ म्हणजे बंद, एवढं त्याला ठाऊक होतं. एकोणीस वर्षांची नोकरी गेली! त्यानं घाईघाईनं फोटो काढला.

सक्करदऱ्याला घरी आल्यावर फोन त्यानं मुलीपुढे धरला. रोशनी शिकवणीत इंग्रजी शिकवायची.

“बाबा, तुमाले काढून नाही राहिले. ते ‘ले ऑफ’ असते. हे ‘लेट ऑफ’ आहे. या खेपेले शिक्षा न करता सोडून द्या, असं लिवलं.”

“सोडून द्या म्हणजे?”

“हेल्मेट नसलं तरी पोलीस एखाद्या वेळेस जाऊ देते ना, तसं.”

रुपरावनं फोन खिशात टाकला. “म्हणजे माह्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं, असंच धरून राहिले ते.”

“नोकरी तर वाचली ना, बाबा.”

“चोर म्हणून वाचली.”

सकाळी तो थेट मॅनेजरच्या केबिनमध्ये गेला. “साहेब, मले सोडू नका. आधी गेटचं रजिस्टर पाहा.”

“विषय संपला, रुपराव.”

“माह्यासाठी नाही संपला.”

तो दारापाशी उभाच राहिला. शेवटी वैतागून साहेबांनी रजिस्टर मागवलं. अकरा तारखेला दोन बंडलं दुसऱ्या युनिटला गेली होती. सोबतच्या चिठ्ठीवर सही साहेबांचीच होती. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि ‘लेट ऑफ’चा तो कागद फाडून टाकला. दुपारी नोटीस लागली : या प्रकरणात रुपरावचा काहीही दोष नाही.

चहाच्या सुट्टीत रुपराव अंकुशजवळ जाऊन बसला.

“तूच माहं नाव सांगितलं, असा माहा तुह्यावर संशय होता गा.”

अंकुशनं मान खाली घातली. “माहाही तुमच्यावरच होता, काका. तारेचा.”

दोघांनी चहा प्यायला. पण पूर्वीसारखं बोलणं त्या दिवशी काही जमलं नाही.