दोन केबीचा प्रबंध

"फॉरमॅट मार आणि नवी सिस्टिम टाक. विचार कसला करतेस?" दादा म्हणाला.

एरवी मी त्याला तिथेच सुनावलं असतं. पण अडीच वाजले होते, पाचला विद्यापीठाचं पोर्टल बंद होणार होतं, आणि वहिनीचा सात वर्षांचा प्रबंध त्या बंद पडलेल्या कंप्युटरमध्ये अडकला होता. दोनदा मुदत वाढवून झाली होती. आज हुकलं की नोंदणीच रद्द.

बारा वर्षं मी असली मशिनं दुरुस्त करतेय. हे सुरूच होत नव्हतं. काळ्या पडद्यावर 'सिस्टिम सापडत नाही' एवढी एक ओळ, बस्स.

"सगळं मी कालच पेनड्राइव्हवर घेतलंय," दादा म्हणाला. कंप्युटरमधलं घरात फक्त आपल्यालाच कळतं, असा त्याचा जुना समज.

मी नव्या सिस्टिमचा पेनड्राइव्ह मशीनला लावला आणि फॉरमॅटच्या बटणावर आले.

"वन्सं, तो पेनड्राइव्ह एकदा बघता का?" वहिनी हळूच म्हणाली.

"वहिनी, मला काम करू दे गं!" मी खेकसले. पण तिचा चेहरा बघवेना. चरफडत पेनड्राइव्ह माझ्या लॅपटॉपला लावला.

सहा प्रकरणं, सहा फायली. प्रत्येकीच्या कोपऱ्यात वाकडा बाण, आणि प्रत्येक फाईल जेमतेम दोन केबीची.

"अरे देवा! दादा, हे नुसते शॉर्टकट आहेत. घर हलवायचं सोडून घराचा पत्ता लिहून आणलास तू!"

दादाचं तोंड एवढंसं झालं. पण चूक माझीही होतीच. आणखी एक क्लिक, आणि मीच सगळं पुसून बसले असते.

मग माझ्याकडच्या दुसऱ्या पेनड्राइव्हवरून मशीन चालू केलं. डिस्क दिसली, पण आतून टक् टक् आवाज येत होता. म्हणजे तिचे दिवस भरले होते. एकेक प्रकरण त्याच पेनड्राइव्हवर कॉपी करायला घेतलं. पाचवं आलं तेव्हा चार वाजले होते. सहावं, निष्कर्षाचं, बहात्तर टक्क्यांवर अडकलं. एकदा टक् झालं, मग तोही आवाज थांबला.

"गेली डिस्क," मी म्हणाले. "निष्कर्ष गेला, वहिनी."

ती आता रडणार असं मला वाटलं. तिनं डोळे पुसले आणि खुर्ची ओढली.

"चारच पानं आहेत. पाठ आहेत मला. वन्सं, मशीन पेनड्राइव्हवर चालू आहे ना, तुम्ही त्याच्यावर पाच प्रकरणं जोडून ठेवा. अहो, हा वन्संचा लॅपटॉप घ्या, तुम्ही टाईप करा."

"मी?"

"कंप्युटरमधलं तुम्हालाच कळतं ना!"

दादानं लॅपटॉप पुढ्यात ओढला. ती सांगत गेली: धरणात गाळ अडतो, खालच्या नदीला तो मिळत नाही, म्हणून काठ खचतात, आणि काठावरची माणसं दोष देतात पावसाला. दादाची बोटं थांबली.

"दादा, घड्याळ बघ!" मी ओरडले.

"थांब गं." तो वहिनीकडे वळला. "हे तू शोधून काढलंस?"

"सात वर्षं तेच तर करतेय. पुढचं घ्या."

चार सत्तावन्नला फाईल गेली. हिरवी खूण आली तशी मी भिंतीला टेकून खालीच बसले. दादा मात्र खुर्चीतून हलला नाही.

"आधीच्या पाच प्रकरणांत काय आहे?" त्यानं वहिनीला विचारलं.