लाल दोरीचं बंडल

“अडकली म्हणजे नेमकी कुठं अडकली? वर जाताना, की खाली येताना?”

लिफ्टवाल्याने हे विचारलं तेव्हा छाननीच्या बाईंनी मान वर करून बघितलंसुद्धा नाही. अडकली म्हणजे अडकली, दुरुस्त करायला तुम्हाला बोलावलंय ना, असं म्हणून त्यांनी ढिगातला पुढचा अर्ज ओढला. त्यांच्या टेबलामागे भिंतीत हातभर रुंदीचं लोखंडी दार होतं आणि त्या दारामागे फायलींची लिफ्ट. माणसं नाही, नुसते कागद वाहणारी. तळघरातल्या जुन्या दप्तरापासून विद्यापीठाच्या तिसऱ्या मजल्यावर उपकुलसचिवांच्या खोलीपर्यंत तिची ये-जा. तासाभरापूर्वी एक बंडल पोटात घालून ती पहिल्या मजल्यावरून निघाली आणि मध्येच रुसून बसली.

लिफ्टवाल्याने हत्यारांची पिशवी खाली ठेवली, दारावर ‘काम चालू आहे’ची पाटी अडकवली आणि दुसरा प्रश्न काढला. बंडलात काय होतं? बाई म्हणाल्या, अर्ज. कसले अर्ज? प्रवेशाचे, दुसरे कसले असणार इथं?

कंपनीत त्याला ‘चौकशी’ म्हणत ते उगाच नाही. बावन्न वर्षांचा बाप्या, पण घड्याळ दिसलं की मागचं झाकण उघडून बघायची खोड लहानपणापासूनची. लोक लिफ्टचं बटण दाबतात आणि उभे राहतात. आत काय चाललंय, कुठला दोर कुणाला ओढतोय, पेटी वर येताना मागचं वजन किती खाली गेलंय, याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. याला मात्र होतं. चौतीस वर्षं तो त्या अंधाऱ्या शाफ्टात उभा राहून हेच बघत आला होता.

आजची चौकशी मात्र नेहमीची नव्हती. आज तो ताकाला जाऊन भांडं लपवत होता. सात आठवड्यांपूर्वी, इस्त्रीचा शर्ट घालून, याच खोलीच्या व्हरांड्याकडच्या खिडकीत त्याने स्वतःचा अर्ज दिला होता. भौतिकशास्त्र, पदवी, पहिलं वर्ष. संध्याकाळचे वर्ग. घेणाऱ्याने चेहरा न बघता शिक्का मारला, पावती दिली आणि खेळ खलास. त्यानंतर ना पत्र, ना निरोप. बायको रोज ताट वाढताना विचारायची, आलं का काही? तो मान हलवायचा. गेला आठवडाभर तर तो परगावच्या कामावर होता, इकडे फिरकताही आलं नव्हतं. आज सकाळी विद्यापीठाची तक्रार आली तेव्हा दुसरा कारागीर निघाला होता, त्याच्या हातून कागद ओढून घेत हा म्हणाला, राहू दे, मी जातो.

आणि खरं सांगायचं तर तो अर्ज त्याचा पहिला नव्हता. अठराव्या वर्षीही त्याने असाच एक दिला होता, याच इमारतीत, याच विषयाला. यादी लागायच्या आठवड्यात वडील अंथरुणाला खिळले. काकाने लिफ्टच्या कंपनीत चिकटवून दिलं, आणि यादी लागली त्या दिवशी हा कुठल्याशा इमारतीच्या गच्चीवर दोरांना ग्रीस लावत होता. नंतर बघायला जायचं राहिलं ते राहिलंच. आपलं नाव लागलं होतं की नव्हतं, हे त्याला आजपर्यंत माहीत नव्हतं. जगातली सगळी झाकणं उघडून बघणाऱ्या माणसाचं हे एक झाकण बंद राहिलं होतं. या वेळी मात्र काय वाटेल ते होवो, ‘हो’ की ‘नाही’ ते कळल्याशिवाय सोडायचं नाही, असं त्याने मनाशी पक्कं केलं होतं.

मोटरचा फ्यूज तपासता तपासता त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं, की खिडकीत अर्ज दिला की पुढं काय होतं?

बाईंनी या वेळी मान वर केली. एकोणतीस वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नसावा. माझं काय झालं, असं सगळे विचारतात. अर्जाचं काय होतं, हे कोण विचारतो? त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि सांगू लागल्या. आधी शिक्का. मग नंबर. मग तो छाननीला त्यांच्या टेबलावर. अर्जाच्या शेवटच्या पानावर अकरा चौकटी असतात, सोबत काय काय जोडलंय त्याची यादी. सगळ्या चौकटींत खूण असली की अर्ज पांढऱ्या दोरीच्या बंडलात. ते वर जातं, तिथं गुण बघतात, निवड करतात. एखादी चौकट जरी रिकामी असली, तरी लाल दोरी. लाल दोरीवाल्यांची यादी बाहेर फलकावर आठ दिवस लावतात. माणूस आला, दुरुस्ती करून गेला तर ठीक. नाही आला तर लाल बंडल वर जातं आणि बंद होतं.

“बंद म्हणजे?”

“बंद म्हणजे बंद. आज शेवटचा दिवस. पाचला खिडकी मिटली की साहेब एकगठ्ठा शिक्के मारणार. आता कोण येतंय म्हणून मी बंडल आधीच वर धाडलं, तेच तुमच्या लिफ्टनं गिळलंय.”

घड्याळात चार वाजून वीस मिनिटं झाली होती. त्याने आणखी एक विचारलं, की चौकट रिकामी पण कागद मात्र आत जोडलेला असला, तर? बाई हसल्या. सोळा हजार अर्ज येतात, त्यांचे कागद चाळत बसले तर माझ्या नातवाची वरात निघेल तोवर. आम्ही चौकट बघतो.

चौकट म्हटल्यावर लिफ्टवाल्याला काहीतरी खटकलं. का ते त्याला लगेच उमगलं नाही. 

पेटी पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मध्ये अडकली होती. तो जिन्याने वर गेला, दुसऱ्या मजल्याचं दार चावीने उघडलं आणि बॅटरी मारली. रुळावरचं एक चाक आपल्या जागेवरून निसटलं होतं, दहा मिनिटांचं काम. पण आधी वजन काढायला हवं, म्हणून पोटावर पालथं पडून, हात लांब करून त्याने बंडल वर ओढलं. व्हरांड्यात चिटपाखरू नव्हतं. बंडल खाली ठेवताना लाल दोरी सैल झाली आणि अर्ज पत्त्यांसारखे पसरले. वरून चौथ्या अर्जावर इस्त्रीचा शर्ट घातलेला, गुळगुळीत दाढी केलेला एक माणूस त्याच्याकडे टक लावून बघत होता.

स्वतःचाच चेहरा ओळखायला त्याला क्षणभर लागला.

त्याने शेवटचं पान उलटलं. अकरा चौकटी, अकराच्या अकरा कोऱ्या. मागे सगळे कागद जिथल्या तिथे टाचलेले. चार घड्या पडून पिवळी झालेली ती चौतीस वर्षांपूर्वीची शाळेची गुणपत्रिकाही. आणि खाली लाल शाईत बाईंचं अक्षर: ‘एकही चौकट भरलेली नाही.’ त्याखाली सही, तारीख.

आता त्याला सगळं लख्ख कळलं आणि स्वतःच्या कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला. लिफ्टच्या देखभाल कार्डावर अशाच चौकटी असतात. दोर, ब्रेक, दार, घंटी. जिथे बिघाड असेल तिथेच खूण करायची. चांगलं असेल ते कोरं सोडायचं. सगळं कार्ड कोरं म्हणजे लिफ्ट ठणठणीत. चौतीस वर्षांत अशी किती कार्डं त्याने अभिमानाने कोरी सोडली असतील, आणि त्याच अभिमानाने, काही कमी नाही सगळं जोडलंय, म्हणून ह्याही अकरा चौकटी त्याने कोऱ्याच सोडल्या होत्या. नर्स असलेली लेक म्हणाली होती, बाबा, फॉर्म मी भरते. त्यावर हा काय म्हणाला? म्हणे, जन्मभर कार्डं भरतोय, मला फॉर्म शिकवतेस होय? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

कानावर पेन होतं. अकरा खुणा करायला किती वेळ लागतो? घोटभर पाणी प्यायला लागतो तेवढा. दोरी बांधली की कुणाच्या बापाला कळणार नव्हतं. त्याने पेन काढलं, टोपणही काढलं.

पण त्या अकरा चौकटींखाली बाईंची सही होती. आपण खुणा केल्या की तिथलं ‘एकही नाही’ खोटं ठरणार. उद्या वर साहेबांनी बघितलं तर विचारतील, बाई, डोळे मिटून छाननी करता की काय? त्यांची एकोणतीस वर्षं या एका पानावर पाण्यात. त्याच्या धंद्यात एक गोष्ट पहिल्या दिवशी शिकवतात: दुसऱ्याने सही केलेल्या कार्डाला हात लावायचा नाही. कार्डावरचं खोटं कधी ना कधी कुणाच्या तरी डोक्यावर कोसळतं. पाळायला सोपा नियम होता, आजपर्यंत. आज तो पाळणं त्याला जड गेलं, हे कबूल करायला हवं.

त्याने पेनाला टोपण लावलं. आधी चाक रुळावर बसवलं, कारण हातातलं काम अर्धं टाकून जायची सवय नव्हती. मग बंडल छातीशी धरून जिना उतरला. पाचला सोळा मिनिटं कमी होती.

बाईंच्या टेबलावर बंडल ठेवून त्याने चौथा अर्ज वर काढला.

“हा माझा आहे,” तो म्हणाला.

बाईंनी फोटो बघितला, मग ग्रीसने माखलेला माणूस बघितला, मग पुन्हा फोटो. थट्टा करताय का, असं त्या म्हणणार होत्या बहुतेक. पण म्हणाल्या नाहीत. त्याने कार्डाची गोष्ट सांगितली. कोरं म्हणजे ठीक, हे ऐकल्यावर त्यांनी हळूच अर्जाची पानं चाळली. एकोणतीस वर्षांत कदाचित पहिल्यांदाच चौकट सोडून कागद बघितले असतील. अकरा कागद मोजून झाले. 

“तुमच्याकडं तर पेन होतं कानावर,” त्या म्हणाल्या.

“तुमची सही होती.”

यावर बाईंनी चष्मा काढून पुसला. मग एकदम कडक झाल्या. आतून दुरुस्ती करता येत नाही, अर्जदाराने खिडकीवर यायचं असतं, रांगेत. जा, बाहेरून या. आणि पाचच्या आत. तो निमूटपणे बाहेर गेला. खिडकीसमोर तीन पोरी होत्या, त्याच्या लेकीहून लहान. त्यांनी वळून बघितलं आणि एकीने त्याला काका म्हणून पुढे जायला सांगितलं; खिडकी दुरुस्त करायला आलाय असं तिला वाटलं असावं. नाही, मीही अर्जवालाच, असं तो म्हणाला. हे वाक्य त्याने पहिल्यांदाच परक्या माणसासमोर उच्चारलं, आणि त्याचे कान गरम झाले. पोरी हसल्या नाहीत. कुठला विषय, एवढंच एकीने विचारलं, आणि भौतिकशास्त्र म्हटल्यावर तिने, बापरे, अवघड असतं हं, असं काळजीने सांगितलं.

पाचला चार मिनिटं असताना तो खिडकीशी पोहोचला. बाईंनी अर्ज पुढे सरकवला. त्याने अकरा चौकटींत अकरा खुणा केल्या, घाई न करता, एकेक. बाईंनी आपल्या लाल ओळीखाली लिहिलं, ‘अर्जदाराने समक्ष येऊन पूर्तता केली’, आणि शिक्का मारला. मग अर्ज लाल दोरीतून निघून पांढऱ्या दोरीत गेला. लाल दोरीत बाकीचे पस्तीस-चाळीस राहिले. त्यांच्या फोटोंकडे त्याने एकदा बघितलं. कोण कुठल्या अंथरुणाशी अडकलं असेल, कोण जाणे.

तो आत आला तेव्हा बाई दोन्ही बंडलं घेऊन लोखंडी दाराशी उभ्या होत्या. पहिल्यांदाच त्यांनी आपणहून काहीतरी विचारलं, की इतक्या उशिरा का? त्याने सांगितलं. अठरावं वर्ष, वडील, गच्ची, ग्रीस, न बघितलेली यादी. बाई ऐकत राहिल्या. मग खालच्या अंगाला, तळघराकडे, बोट दाखवून म्हणाल्या:

“त्या वर्षाची नोंदवही खाली असेल. नाव लागलं होतं की नाही, पाच मिनिटांत सांगते. बघू?”

चौकशी म्हणून ज्याला सगळे चिडवत, त्या माणसाने त्या बोटाच्या दिशेने खाली बघितलं. चौतीस वर्षांचं झाकण, आणि ते उघडायला कुणीतरी स्वतः तयार झालं होतं. लागलं असेल, तर? नसेल, तर? लागलं असेल तर त्या चौतीस वर्षांकडे आज घरी जाऊन तो कोणत्या तोंडाने बघणार होता? त्यात बायको होती, लेक होती, आणि शेवटपर्यंत त्याच्याच पगारावर औषधं घेतलेले वडीलही होते.  तो म्हणाला:

“नको बाई. असू द्या ती तिथंच. आता हा जाऊ दे वर.”

बाईंनी मान डोलावली. बंडलं पेटीत ठेवली, पांढरं वर. त्याने पाटी काढली, दार लावलं आणि बाईंना म्हणाला, बटण तुम्हीच दाबा. त्यांनी दाबलं. मोटर घुरघुरली, दोर ताठ झाला. बाई टेबल आवरायला वळल्या, पण तो दाराला कान लावून तसाच उभा राहिला. दुसरा मजला गेला. चाक नीट चाललं होतं. तिसऱ्यावर पेटी थांबली, लोखंडी दार उघडल्याचा आवाज आला, कुणीतरी बंडलं उचलली. मग दार लागलं, आणि रिकामी पेटी खाली यायला निघाली.