कडुनिंबाखालची रांग

"मिनाझिनी गावातून पिसू कायमची हद्दपार झाली आहे! आणि ती ज्या शिस्तीने हद्दपार झाली, त्या शिस्तीचा अभ्यास करायला उद्या सगळं जग इथे येईल!"

चांगावा मास्तर गावसभेत असं गरजले आणि टाळ्या पडल्या. टाळ्या चालू असतानाच मास्तरांच्या डाव्या गमबुटात, करंगळी आणि तिच्या शेजारणीच्या बेचक्यात, हद्दपार झालेल्यांपैकी निदान चौघींनी एकदम आपली हजेरी लावली. मास्तरांनी उजवा बूट डाव्यावर दाबला आणि चेहरा असा केला, की बघणाऱ्याला वाटावं देशाच्या काळजीने माणूस कासावीस झालाय.

सभा भरली होती ती डॉक्टर चेरोनोबाईंसाठी. त्या शहरातून नवं मलम घेऊन आल्या होत्या. कडुनिंबाच्या बियांचं तेल आणि खोबरेल, एवढाच त्यात ऐवज. मिनाझिनीत ही दोन्ही झाडं इतकी, की बाई आपलंच अंगण आपल्याला विकायला आलीय की काय, असं पुष्कळांना वाटलं. मलम फुकट आहे म्हटल्यावर तर संशय पक्काच झाला.

ही पिसू कुत्र्यामांजरांच्या अंगावर उड्या मारते तसली साधी बाई नाही. ती कोरड्या वाळूत राहते, उघड्या पायाच्या बोटात शिरते, आत बिऱ्हाड करते आणि आठवड्याभरात वाटाण्याएवढी फुगते. मग पाऊल टाकणं नको होतं. गावाचा उपाय एकच, टाचणीने उकरून काढणं. एक टाचणी अख्ख्या आळीला पुरते आणि एकाची जखम दुसऱ्याला पोचवते.

"एका पायाला मलम, दुसऱ्याला सरकारी जांभळं पाणी," चेरोनोबाईंनी समजावून सांगितलं. "कुठल्या पायाला काय, ते चिठ्ठी टाकून ठरेल. सात दिवसांनी भिंगातून बघायचं, कुठल्या पायातल्या मेल्या. दोन्ही पायांचा मालक एक, घर एक, अंगण एक. मग जो फरक पडेल तो औषधाचाच. वीस माणसं हवीत. शुक्रवारपर्यंत मिळाली नाहीत, तर आम्हाला पुढच्या गावी जावं लागेल."

नावं घ्यायला वही ठेवली. दोन दिवसांत त्रेसष्ट नावं आली आणि त्रेसष्टच्या त्रेसष्ट शेजाऱ्यांनी दिलेली. स्वतःचं नाव द्यायला कोण धजणार? मिनाझिनीत ज्याच्या पायात पिसू, त्याच्या घरावर कुणीतरी काहीतरी केलेलं असतं, नाहीतर घरातली बाई आळशी असते. अशा घरच्या माठातलं पाणी कुणी पीत नाही, अशा घरची मुलगी कुणी करत नाही.

चौसष्टावं नाव तेवढं घरच्याच माणसाने लिहिलं होतं. गावच्या आरोग्यसेविकेने, म्हणजे कादझोने, आपल्या मुलीचं. सिदी, वय बारा, इयत्ता सहावी, बैठक कडुनिंबाखाली.

ही बैठक चांगावा मास्तरांची देणगी. सव्वीस वर्षं ते मिनाझिनीच्या शाळेचे मुख्याध्यापक होते. दर सोमवारी प्रार्थनेनंतर ते छडी घेऊन पोरांच्या पायांची रांग तपासायचे. ज्याच्या पायात पिसू दिसेल, त्याने पाय स्वच्छ होईपर्यंत बाहेर बसायचं, मैदानातल्या मोठ्या कडुनिंबाखाली. फाटकावर पाटीच होती, 'ज्याच्या पायात पिसू, त्याला वर्गात जागा नाही. हुकुमावरून, मुख्याध्यापक चांगावा.' गावात कडुनिंबाला चाळीस दुखण्यांचं झाड म्हणतात. मास्तरांनी त्याचा एक्केचाळिसावा उपयोग शोधून काढला होता.

बुधवारी दुपारी कादझो मास्तरांच्या घरी आली. मास्तर ओट्यावर गमबुटांसकट बसले होते. बायको गेल्यापासून ते शेळ्या घरातच बांधत, तेवढीच सोबत. एक शेळी आतून त्यांच्या पाठीला डोकं घासत होती.

"मास्तर, कित्साओ सरांना एक शब्द सांगा. सिदीला आत बसू द्या म्हणावं. तीन आठवड्यांवर परीक्षा आलीय, पोरीला फळा दिसत नाही."

"मुख्याध्यापक कित्साओ आहे. त्यालाच सांग की."

"सांगितलं. म्हणाले, नियम चांगावा मास्तरांचा, मी कोण बदलणार?"

"बरोबर आहे त्याचं." मास्तरांना जरा बरंच वाटलं.

"मग तुम्ही बदला."

"मी निवृत्त माणूस. मी कोण बदलणार?"

कादझो हसली. "म्हणजे त्या नियमाला आई नाही, बाप नाही. तरी पोरगा ठणठणीत आहे."

मास्तरांनी विषय बदलावा म्हणून विचारलं, "तूही होतीस ना गं त्या झाडाखाली?"

"दोन वर्षं. अपूर्णांक तिथेच शिकले. तुम्ही आत शिकवायचा, मी बाहेरून ऐकायची. छेद ऐकू यायचा आणि अंश वाऱ्यावर जायचा. अजून माझं गणित खालच्या बाजूनेच बरोबर येतं."

मास्तर हसले, पण ते हसू अर्ध्यात अडलं. सहावीत ही पोर शाळेत यायची थांबली होती. का थांबली ते त्यांनी कधी विचारलं नव्हतं. डाव्या पायात पुन्हा आग उठली. त्यांनी नकळत बूट दाराच्या चौकटीवर घासला, एकदा, दोनदा, मग मन लावून.

कादझो बघत होती. "एवढ्या उन्हात गमबूट, मास्तर?"

"साप असतात."

"घरात?"

"सापाला घर काय आणि अंगण काय."

"कंबर वाकते का तुमची? पायापर्यंत हात पोचतो?"

"माझ्या कंबरेची चौकशी करायला आलीस का तू?" मास्तर खेकसले. "नियम एकट्या सिदीसाठी नाही बदलत. जा आता."

कादझो उठली. जाताना एवढंच म्हणाली, "डॉक्टरबाई कुणाचं नाव कुणाला सांगत नाहीत हं." ती फाटकाबाहेर गेली तरी मास्तर तिला हाक मारावी की नाही या विचारात होते. मारली नाही. शेळीने त्यांच्याकडे असं पाहिलं, की त्यांनी तिला उगाचच एक धपाटा घातला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दवाखान्यात गेले. चेरोनोबाई एकट्या आहेत याची खिडकीतून खात्री करून घेतली आणि मगच आत शिरले.

"मी एका गृहस्थाच्या वतीने आलोय," मास्तर म्हणाले. "प्रतिष्ठित माणूस. त्याला आपलं... कुतूहल आहे."

"कुठल्या पायाला कुतूहल आहे?" बाईंनी मान वर न करता विचारलं. त्या डब्यात मलम भरत होत्या.

"दोन्ही. डाव्याला जास्त."

"पाठवा त्यांना. वेळेवर आले तर बरे होतील. तुमच्याच शाळेतल्या झाडाच्या बियांचं तेल आहे हे. फार चांगलं झाड आहे, आजोबा. फक्त त्याच्याखाली मुलं बसवतात, ते बघून मला रडू आलं."

"सावली असते तिथे," मास्तर हळूच म्हणाले.

"पिसूलाही सावलीच लागते. सावली आणि कोरडी वाळू. आम्ही गावातल्या तीस जागांची वाळू चाळून बघितली. सगळ्यात जास्त पिसवा त्या झाडाखाली निघाल्या. वर्गात सिमेंटची जमीन आहे, तिथे तिचं काही चालत नाही. म्हणजे ज्या मुलाला पिसू झाली, त्याला उचलून नेमकं तिच्या माहेरी बसवायचं आणि सांगायचं, बरा झालास की आत ये." त्यांनी डब्याचं झाकण दाबून लावलं. "कुणी काढली असेल हो ही पद्धत? पाटीवरचं नाव पावसाने धुऊन गेलंय."

मास्तर दारापर्यंत गेले.

"त्याच गृहस्थाने," ते म्हणाले आणि बाहेर पडले.

घरी जाताना रस्त्यात त्यांनी त्या मुलांना आठवायचा प्रयत्न केला. चेहरे आठवेनात. सव्वीस वर्षं त्यांनी त्या मुलांच्या तोंडाकडे पाहिलंच नव्हतं, पाय आठवत होते. टाचेवर उभा राहणारा एक पाय. एकावर एक ठेवून लपवलेले दोन पाय. एका मुलाच्या पायाला इतक्या जखमा होत्या, की तो रांगेतून कडुनिंबापर्यंत ढुंगणावर सरकत गेला होता, आणि अख्खी शाळा हसली होती. मास्तरांनी शाळेला दटावलं नव्हतं. पुढे तो मुलगा यायचा बंद झाला, तेव्हा त्याच्या नावापुढे त्यांनी सुंदर अक्षरात लिहिलं होतं, 'शिकण्यात रस नाही.' डोक्यावर औषध लोंबत होतं, बुडाखाली रोग होता आणि मधे त्यांनी मुलं बसवली होती. स्वतःच्या हुकुमाने, आणि खाली सही करून.

दुपारी त्यांनी मक्याच्या पिठाचा सिमा आणि शेवग्याची भाजी पुढ्यात घेतली, तिच्यातली निम्मी शेळीला घातली.

शुक्रवारी शाळेचा बक्षीस समारंभ होता आणि प्रमुख पाहुणे चांगावा मास्तर. कित्साओ सरांनी त्यांच्या सन्मानार्थ फाटकावरची पाटी लाल रंगाने नव्याने रंगवून घेतली होती, खालच्या नावासकट. अक्षरं अजून ओली होती. मास्तरांना वाटलं, आपल्याला जिवंतपणीच आपल्या थडग्याचा दगड वाचायला लावलाय.

वऱ्हांड्यात टेबलावर कापड, कापडावर शहाळं, मागे हाताची खुर्ची. समोर चटयांवर पोरं आणि गाव, कडेला मलमाचा डबा घेऊन चेरोनोबाई. मास्तर खुर्चीकडे निघाले, मधेच वळले आणि तडक कडुनिंबाखाली गेले. तिथे सिदी एकटीच गुडघ्यांवर हनुवटी टेकून बसली होती. तिच्या शेजारी ते धपकन बसले.

"मास्तर! खुर्ची इकडे आहे!" कित्साओ सर धावत आले.

"बूट काढ गं पोरी," मास्तर सिदीला म्हणाले. "माझी कंबर वाकत नाही."

सिदीने दोन्ही हातांनी डावा बूट ओढला. निघेना. तिने मास्तरांच्या मांडीला पाय लावला आणि जोर केला, तेव्हा बूट असा काही आवाज करून सुटला की पहिल्या रांगेतली पोरं फिदीफिदी हसली. मग वास आला आणि हसू थांबलं. मग पाय दिसला आणि सगळंच थांबलं.

पहिली बोलली न्येवू म्हातारी, मास्तरांच्या बरोबरीची. "अरे चांगावा, हा पाय आहे की भाजलेलं कणीस?"

"मास्तर, आत चला, लोक बघतायत," कित्साओ सर घाईने कुजबुजले.

"आत कसा येऊ? पाटी वाच. ताजी आहे."

"तुमच्यासाठी नाही हो तो नियम."

"मग कुणासाठी आहे? हिच्यासाठी?"

कित्साओ सर सिदीकडे बघेनात. खरं म्हणजे ते वाईट गृहस्थ नव्हते. पाटी आधीपासून होती, एवढाच त्यांचा गुन्हा होता, आणि तसा तो पुष्कळांचा असतो.

न्येवू म्हातारी काठी टेकत झाडापाशी आली, हळूहळू टेकली आणि तिने आपल्या रबरी चपला काढल्या. "हे बघ माझे. तुझ्यापेक्षा बरेच बरे आहेत. निदान धुते तरी मी." मागून एक कोळी उठला. मग दोन बायका, एकमेकींकडे रागाने बघत. या दोघींनी वहीत एकमेकींचंच नाव दिलं होतं. कादझो वही घेऊन धावली. तिची मोजणी बरोबर चालली होती. बारा, चौदा, सतरा. शेवटी कित्साओ सर खाली वाकले आणि डाव्या पायाचा मोजा काढायला लागले. तेव्हा गावाने एवढा मोठा श्वास सोडला, की झाडाची पानं हलली असं नंतर सांगणारे निघाले. विसाव्या नावाला कादझो थांबली आणि तिने ओढणीने डोळे पुसले.

"मास्तर," कित्साओ सर एका पायात बूट, एक पाय उघडा असे उभे राहून म्हणाले, "नियम तुमचा. तुम्ही म्हणाल तर..."

"मी काढला, मी मोडतो. पाटी उतरव."

"मग सगळेच आत चला. सिदी, तू पण. वर्गात जाऊन बस, बाळा. तुझ्या बाकावर."

सिदी उठली, पण गेली नाही. तिथेच घुटमळत उभी राहिली. मास्तरांना वाटलं, पोरीचं मन भरून आलंय. त्यांचंही आलं होतं. त्यांनी तिचा हात धरला आणि साऱ्या गावाकडे बघून बोलायला सुरुवात केली.

"मुलांनो! सव्वीस वर्षं मी तुमचे पाय तपासले आणि स्वतःचे बुटात लपवले! ज्यांना मी इथे बसवलं, त्यांचं शिक्षण मी मातीत घातलं. त्याची भरपाई या जन्मात होणार नाही. पण आज, या झाडाच्या साक्षीने, मी चांगावा मास्तर शपथ घेतो, की या गावातलं एकही मूल, एकही अक्षर, यापुढे..."

बायका डोळे पुसत होत्या. चेरोनोबाईंनी मलमाचा डबा खाली ठेवला. सिदीने मास्तरांचा हात हळूच ओढला.

"आजोबा," ती म्हणाली, "जरा उठता का? माझी वही तुमच्याखाली आहे."