चार मात्रा गप्प

मी आणि माझी थोरली जाऊ, आम्ही एकतीस वर्षं एकाच गायनवृंदात, पहिल्या रांगेत, खांद्याला खांदा लावून गायलो. "जाऊबाई माझ्या आधारानं गातात," असं मी गावभर सांगायचे. त्या नुसत्या हसायच्या. दोन महिन्यांपूर्वी त्या गेल्या. दम्यानं.

पंधरा दिवसांत नव्या मास्तरांनी फर्मान काढलं. स्वरलिपी वाचता येईल तोच पहिल्या रांगेत, बाकीचे मागे, खांबाआड. माझं शिक्षण चौथी. पण या वयात मागे जायचं म्हणजे आपल्या हातानं नाक कापून घ्यायचं. नातीला धरून बसवलं.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिनं पाच रेषा ओढल्या. "दांडीचा काळा गोळा एक मात्रा, पोकळ गोळा दोन."

"आणि हे लोंबकळतंय ते? वटवाघूळ?"

"विराम. चार मात्रा गप्प बसायचं. तुला जमायचं नाही, आजी."

"कार्टे, मी रुसले की किती दिवस गप्प बसते, विचार तुझ्या आईला!"

तीन आठवडे भांडी घासताना पायानं मात्रा मोजल्या.

परीक्षेला फळ्यावरचं सगळं धडाधड वाचून दाखवलं. मास्तर खूश. म्हणाले, "आता गा." गाणं आमचं जुनंच. पहिली ओळ झाली, विराम आला. एक, दोन, तीन, चार. तोंड उघडलं, आवाज निघेना. पाच. सहा.

"आजी, कुणाची वाट बघताय?" मास्तरांनी विचारलं.

सुरुवात करण्याआधी जाऊबाई श्वास घ्यायच्या, तेव्हा त्यांच्या छातीत बारीक शिट्टी वाजायची. ती वाजली की मी सुरू. त्या असताना मात्रा मी जन्मात मोजल्या नव्हत्या.

घसा बसलाय म्हटलं असतं तर खपून गेलं असतं. पण शेजारची जागा रिकामी होती, तिच्यासमोर खोटं बोलवेना.

"जाऊबाईंची," मी म्हणाले. "त्या माझ्या आधारानं गात नव्हत्या. मीच त्यांच्या."

कुणी हसलं नाही. हसले असते तर चार शब्द सुनावता तरी आले असते.

मास्तरांनी पुन्हा गायला लावलं. पुन्हा पाच, पुन्हा सहा. त्यांनी काही म्हणायच्या आत मी पिशवी उचलली आणि खांबाआड जाऊन उभी राहिले.

इथून मास्तरांचा हात दिसत नाही. विराम आला की मोजते. चार होतात, पुढची रांग गायला लागते, आणि मी अजून कान लावून उभी असते.