शेषरावचा दहावा

पिंड ठेवून सगळे मागे सरकले, तरी कावळा काही खाली येईना.

वलगावच्या पलीकडे, पेढी नदीच्या काठावर जानराव पाटलाच्या मुलाचा, शेषरावचा दहावा चालला होता. बाभळीवर कावळे भरपूर. ओरडत होते, एकमेकांना टोचत होते, पिंडाकडे मात्र बघत नव्हते. जानराव बसायचा, उठायचा, धोतराचा सोगा झटकायचा, परत बसायचा. पोरगा गेल्यापासून त्याला एका जागी बूड टेकवता आलं नव्हतं.

बौद्ध झालेल्या मोहल्ल्यातले लोक मोठ्या विहिरीवर उघड पाणी भरायला गेले, तेव्हा शेषराव आपले सोबती घेऊन त्यांना अडवायला धावला होता. त्याच्या काठीने बुधाजीचा मुलगा धर्मपाल जागच्या जागी गेला. मग कुणाचा तरी दगड शेषरावच्या कानशिलावर बसला. जानरावसमोर लोक दगडाचंच बोलत. काठीचं त्याला न सांगता ठाऊक होतं.

"मनात काही राहिलं असेल त्याच्या," भटजी म्हणाले. "कबूल करा, म्हणजे शिवेल."

कुणी म्हणालं, बहिणीचं लग्न लावून देऊ. कुणी म्हणालं, आईले सांभाळू. कावळे ढिम्म.

मग जानरावचा धाकटा भाऊ वामनराव पुढे झाला. "शेषराव, तुह्या खुनाचा बदला घेऊ! आज रातीच तो मोहल्ला पेटवून देतो. आता तरी ये, बापू!"

मागच्यांनी काठ्या घट्ट धरल्या. आणि एक कावळा खाली उतरला. मान वाकडी करत, उड्या मारत पिंडाकडे येऊ लागला.

कावळा यावा म्हणून जानराव सकाळपासून देवाला आळवत होता. पण आता शिवला, तर तो मेलेल्याचा शब्द झाला. मग या लोकांना कोण आवरणार? आपलं पोर मोकळं होईल आणि रात्री दुसऱ्यांची पोरं जळतील.

त्याने ढेकूळ उचललं आणि कावळ्यावर भिरकावलं. झाडावरचेसुद्धा सगळे उडाले.

"दादा! बाप हायेस का वैरी?" वामनराव ओरडला.

"बापच हाय." जानराव पिंडाकडे वळला. "शेषू, तुह्या नावानं कोणी कोणाले हात लावणार नाई. इहीर सगळ्यायची. हे मान्य असंल तर ये."

ऊन डोक्यावर आलं. एकही कावळा फिरकला नाही. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा केला आणि जानरावने तो आपल्या हाताने पिंडाला टेकवला. वामनराव थुंकून चालू लागला. पण त्याच्यामागे कुणी निघेना. बदल्याचं कबूल केलेलं कावळ्याने घेतलंच नव्हतं.

जानरावला घरी जाववेना. पाय मोहल्ल्याकडे वळले. बुधाजी दारात घोंगडीवर बसला होता. बौद्ध झाल्यापासून मोहल्ल्याने पिंड, कावळा, सगळं सोडलं होतं.

"काहून आले, पाटील?"

"माह्या पोरानं..."

"ठाव हाय मले."

"इहिरीवर या. कोणी अडवणार नाई."

"ते तुमी सांगाचं कामच नाई. आमी येऊच." मग बुधाजीने हळूच विचारलं, "कावळा शिवला का?"

"नाई."

बुधाजीने सरकून जागा केली. जानराव बसला, लगेच उठला, परत बसला.

"राहू द्या," बुधाजी म्हणाला. "मले बी बसवत नाई."