अंबादासशेठचं खानदानी पोट

अंबादासशेठ मसालेवाल्यांनी दुबईतल्या एका लिलावात जुनी इंग्रजी चित्रं घेतली आणि शारजात, अल मजाजच्या आपल्या फ्लॅटमध्ये देव्हाऱ्याशेजारी टांगली. चित्रांत जॉर्ज राजांच्या काळातले लंडनचे उमराव होते. एकाचं पोट बटणं तोडून बाहेर आलेलं, दुसऱ्याचं नाक वांग्यासारखं, आणि एका सरदारीणबाईंच्या केसांचा मनोरा झुंबराला लागून पेटलेला.

"खानदानी माणसं," शेठ म्हणाले.

रुचाने मान डोलावली. ही चित्रं उमरावांची टिंगल करायलाच छापत आणि लोक दुकानाच्या काचेपुढे गर्दी करून हसत, हे ती कॉलेजात शिकली होती. पण तिचा नवरा कुणाल शेठच्या गोदामात मॅनेजर होता. त्याचा व्हिसा याच महिन्यात संपत होता आणि तो रिन्यू करायचा की नाही, हे शेठच्या मनावर होतं. त्यांच्या लेकीला, इशिताला, शाळेत कुठे आत्ता एक मैत्रीण मिळाली होती.

"तुझा हात चांगलाय, पोरी," शेठ म्हणाले. "माझ्या एकसष्टीला माझंही असंच चित्र काढ. या ओळीत शोभलं पाहिजे."

रुचाने जपून काढलं. फेटा, शांत चेहरा, सपाट कोट. शेठनी चष्मा लावून बघितलं.

"हा कोण, बँकेतला कारकून? माझं पोट कुठाय?"

"काका, जरा कमी केलं."

"का? मी काही तक्रार केली होती?"

घरी कुणाल म्हणाला, "काढ ना पोट. साहेब स्वतः मागतायत."

"आणि पाहुणे हसले तर?"

"तर खलास," म्हणत त्याने आमटी वाढून घेतली.

रुचाने पोट काढलं. पण हात सुटला तो सुटलाच. हनुवटीखाली हनुवट्या आल्या, नाक जांभळं झालं, कोटाचं बटण उडून जिलबीच्या ताटात पडलं. शेठ बघून गहिवरले.

एकसष्टीला शेठच्या बायकोने, सविताकाकूंनी, त्यांना ओवाळलं आणि चित्रावरचा पडदा सरकवला. कोणी हसलं नाही. निम्मे पाहुणे शेठच्या पगारावर होते, उरलेले नात्यातले.

"काय तेज आहे!" कोणीतरी म्हणालं.

"डिट्टो साहेब!"

तेवढ्यात इशिता खणखणीत आवाजात म्हणाली, "मम्मा, व्हाय डिड यू मेक अंकल लुक सो सिली?"

रुचाने श्रीखंडाची वाटी खाली ठेवून लेकीचा हात धरला. शेठ सावकाश वळले, गुडघ्यावर हात टेकून इशितापुढे वाकले.

"बेटा, त्या भिंतीवरच्यांकडे बघ. दे ऑल लुक सिली. म्हणूनच तर रॉयल."

इशिताने एकेक चित्र नीट पाहिलं. "ओके," ती म्हणाली.

इतक्यात फुजैराहून आलेले शेठचे धाकटे भाऊ बाबाजी तिकडून ओरडले, "दादाला एवढं पोट, मग आम्ही काय उपाशी आहोत? ताई, माझंही काढा!"

शेठनी रुचाला बाजूला घेतलं.

"काढ त्याचं. ते बघितलं की कुणालच्या व्हिसावर सही करतो. फक्त त्याचं पोट माझ्यापेक्षा लहान पाहिजे."

"इन्शाल्ला, काका," रुचा म्हणाली.

बाबाजी दोन खुर्च्या जोडून बसले होते.